अंकयुद्ध (रिथ्मोमाकिया)

मध्ययुगीन यूरोपातील डावपेचाचा एक बैठा खेळ. ‘संख्या’ व ‘युद्ध’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्याचे नाव पडले आहे. अकराव्या शतकात जर्मनीतील धर्मपीठांच्या विद्यालयांत तो उदयास आला. त्याविषयीचे सर्वांत जुने ज्ञात लेखन वुर्ट्‌सबर्ग येथील आसिलो याने सु. १०३० मध्ये केले. बोईथिअस (सु. ४८०–५२४) याच्या ग्रंथांतील अंकगणित व संगीत यांविषयीची प्रमाणे विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडण्यास हा खेळ उपयोगी पडे.

पट व सोंगट्या : पट सामान्यतः ८ × १६ घरांचा, म्हणजे बुद्धिबळाचे दोन पट जोडल्यासारखा असतो. प्रत्येक पक्षाच्या २४ सोंगट्यांवर संख्या लिहिलेल्या असतात. पांढऱ्या पक्षाच्या मूळ संख्या २, ४, ६, ८ आणि काळ्याच्या ३, ५, ७, ९ असून इतर संख्या त्यांपासून साधतात, उदा., ४ पासून ४ × ४ = १६ व ४ × ५ = २०. प्रत्येक पक्षात एक मनोरा असतो. पांढरा मनोरा ९१ चा (१ ते ६ यांच्या वर्गांची बेरीज) व काळा १९० चा (४ ते ८ यांच्या वर्गांची बेरीज) असतो. गोल सोंगटी एक, त्रिकोणी दोन व चौकोनी तीन घरे चालते. मात्र घरे मोजण्याच्या रीतीत ग्रंथागणिक फरक आढळतो.

सोंगटी मारणे : समान संख्येची सोंगटी चालीच्या टप्प्यात आली, तर ती मारता येते. आपली संख्या व अंतराची घरे यांचा गुणाकार शत्रूच्या संख्येइतका झाला किंवा आपल्या दोन सोंगट्यांची बेरीज तिच्याइतकी झाली, तरीही ती मारली जाते. चारही बाजूंनी कोंडलेली सोंगटी संख्या न पाहता बाद होते.

विजय : केवळ सोंगट्या मारून मिळणारा विजय सामान्य होय. खरा विजय शत्रूच्या अर्ध्या पटावर आपल्या सोंगट्यांनी श्रेढी मांडल्यास मिळतो. ४, ६, ९, १२ या चौकडीत ४, ६, ९ ही गुणोत्तर, ६, ९, १२ ही अंकगणितीय व ४, ६, १२ ही हरात्मक श्रेढी आहे. म्हणून ती सर्वश्रेष्ठ विजयांपैकी एक ठरते. परंतु पांढऱ्या पक्षाजवळ १२ ही संख्याच नाही. ती काळ्याकडून जिंकून, सोंगटी उलटवून आपल्या बाजूस घ्यावी लागते. जसे, ४ व ८ यांची बेरीज करून किंवा ६ ला दोन घरांच्या अंतरावर ठेवून. ज्याचा पराभव करावयाचा, त्याच्याच संख्येवाचून मेळ पुरा होत नाही, हे या खेळाचे मर्म होय.

संगीताशी संबंध : ६, ८, ९, १२ ही दुसरी प्रसिद्ध चौकडी. १२ भाग लांबीच्या तारेवर षड्‌ज धरल्यास ९ भागांवर मध्यम, ८ भागांवर पंचम व ६ भागांवर तार षड्‌ज मिळतो. गिटारचा १२ वा पडदा तारेच्या मध्यावर, ७ वा जवळजवळ दोन तृतीयांश व ५ वा जवळजवळ तीन चतुर्थांश लांबी शिल्लक राहील अशा जागी असतो, तो याच प्रमाणांमुळे.

पॅरिस येथे १४९६ मध्ये या खेळाचे नियम छापले गेले व १५६३ मध्ये इंग्रजीतही पुस्तक निघाले. टॉमस मोर याने आपल्या यूटोपिया (१५१६) या ग्रंथात अशाच खेळाचा उल्लेख केला आहे. सतराव्या शतकात बोईथिअसचे अंकगणित अभ्यासक्रमातून मागे पडले व त्याबरोबर हा खेळही लोपला. बुद्धिबळास पटाबाहेरच्या विद्येची गरज नव्हती, म्हणून ते टिकले.