शेततळे गळते ते जोडापाशी

बुलढाणा जिल्ह्यात पाण्याचा हिशेब घाटावर वेगळा आणि घाटाखाली वेगळा. घाटावरच्या चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, लोणार या तालुक्यांत विहिरी जानेवारी-फेब्रुवारीतच तळ दाखवू लागतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या अनेक गावांत पाणी आहे, पण ते खारे. हा खारपाणपट्टा, इथे बोअर मारून गोडे पाणी मिळेल याचा भरवसा नाही. पाऊस वर्षाला साधारण 700 ते 800 मिलिमीटर, तोही चार महिन्यांत पडून जाणारा. त्यामुळे पावसाळ्यात अडवलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत राखायचे, हा इथल्या शेतकऱ्यापुढचा खरा प्रश्न आहे आणि गेल्या काही वर्षांत त्याचे सर्वांत ठळक उत्तर ठरले ते शेततळे.

राज्य सरकारची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना 2016 साली आली. तिच्यात कमाल आकार 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर आणि अनुदानाची मर्यादा 50,000 रुपये होती. पुढे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत ही मर्यादा 75,000 रुपयांपर्यंत गेली. या सर्वांत मोठ्या आकाराच्या तळ्यात, बाजूंना एकास एक उतार ठेवला तर, 2,196 घनमीटर म्हणजे जवळजवळ 22 लाख लिटर पाणी मावते. मुरमाड जमिनीत हे पाणी टिकत नाही, म्हणून आत प्लॅस्टिकचे अस्तर घालतात. शेतकरी त्याला कागद म्हणतात, कुठे पन्नी म्हणतात.

कागदाबद्दल सगळे बोलतात: किती मायक्रॉनचा, कोणत्या कंपनीचा, किती वर्षांची हमी. पण बांधातून पाणी बाहेर काढण्यासाठी जिथे पाइप टाकतात, तिथे कागदाला पाडलेल्या भोकाबद्दल आणि त्या भोकाभोवती बसवलेल्या कॉलरबद्दल, म्हणजे फ्लँजबद्दल, क्वचितच कोणी विचारते. धड असलेला कागद सहसा गळत नाही. पाणी जाते ते या जोडातून. हजार-बाराशे चौरस मीटरच्या कागदात हाताच्या पंज्याएवढी ही जागा सर्वांत कच्ची असते आणि तिची देखभाल सर्वांत स्वस्त असते.

हा प्रश्न फक्त शेततळ्याचा नाही. अमेरिका, कॅनडा, फ्रान्समध्ये घरामागच्या पोहण्याच्या तलावांना व्हिनाइलचे अस्तर घालण्याची पद्धत आहे. त्या अस्तराची जाडी साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. आपल्या शेततळ्यात सर्रास वापरला जाणारा 500 मायक्रॉनचा कागदही अर्धा मिलिमीटरच. तिथेही पाणी आत सोडण्याचे तोंड, दिवा, शिडी असे काही भिंतीत बसवायचे म्हटले की अस्तराला भोक पाडावे लागते, दोन्ही बाजूंनी रबर देऊन तबकडी आवळावी लागते, आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते. तिथे या कामासाठी तयार सुटे भाग आणि सराईत कारागीर मिळतात. इथे पाइपलाइनवाला किंवा मोटार दुरुस्त करणाराच पाना घेऊन तळ्यात उतरतो.

दोन्हींत एक मोठा फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते पाण्यात बुडते, आणि त्याला योग्य डिंकाने पाण्याखालीसुद्धा ठिगळ लावता येते. शेततळ्याचा कागद बहुधा एचडीपीईचा असतो. तो पाण्याहून हलका, म्हणून पाण्यावर तरंगतो, आणि त्याला कोणताही साधा डिंक धरत नाही. इपॉक्सीची लुकण लावली तर ती वाळते, घट्ट दिसते आणि पहिल्याच ऊन-थंडीत पापुद्र्यासारखी सुटते. सिलिकॉनचेही तेच. एचडीपीई जोडायचा तर गरम करूनच: मोठ्या जोडांना वेल्डिंग मशीन, ठिगळाला गरम हवेची गन. आणि पाइपापाशी दोन तबकड्यांमध्ये दाबून.

तो दाब कमी कसा होतो, याची कारणे बुलढाण्याच्या मातीत आणि उन्हात आहेत. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. बांधाच्या पोटातला पाइप या मातीबरोबर दरवर्षी थोडा वर-खाली होतो; कागद मात्र आतल्या उतारावर ताणून बसवलेला. दोघांची ओढाताण कॉलरच्या बोल्टांवर येते. कागद उन्हानेही वाढतो आणि आखडतो. तापमानात 30 अंशांचा फरक पडला तर 30 मीटर लांबीचा एचडीपीई साधारण 10 ते 18 सेंटिमीटरने लांबतो किंवा आखडतो. पाण्याखालचा भाग थंड राहतो, पण तळे रिकामे होत गेले की मे महिन्याच्या उन्हात कॉलरभोवतीचा कागद दुपारी सैल पडतो आणि पहाटे ताणला जातो. शिवाय रबरी पॅकिंगचे वय होते. कुकरची रिंग जशी काही दिवसांनी कडक होऊन वाफ सोडू लागते, तसेच हे रबर दबून दबून चपटे होते आणि त्याची उसळी जाते. बोल्ट लोखंडी असतील तर ते गंजतात आणि गंजाची धारदार कड कागदालाच कापते.

आकडे पाहिले की या छोट्या फटीचे मोल कळते. पाइप तळापासून अर्धा मीटर वर असेल, तर भरलेल्या तळ्यात त्याच्यावर अडीच मीटर पाणी उभे असते. तिथे 5 मिलिमीटरचे भोक पडले आणि मागे पाण्याला वाट मोकळी असली, तर दिवसाला सुमारे 7,000 लिटर पाणी जाते. 1 सेंटिमीटरच्या भोकातून सुमारे 28,000 लिटर. भर उन्हाळ्यात रोज 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर 900 चौरस मीटरच्या तळ्यातून सूर्य दिवसाला सुमारे 7,200 लिटर पाणी नेतो. म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे भोक तळ्यावर दुसरा सूर्य उगवल्यासारखे काम करते, आणि तेही रात्रंदिवस.

वाया गेलेल्या पाण्याहून मोठा धोका बांधाला असतो. गळणारे पाणी पाइपाच्या बाहेरच्या अंगाने वाट काढते, बारीक माती वाहून नेते आणि बांधाच्या पोटात पोकळी करत जाते. मातीच्या भिंतीतून नळ काढला की तिथे विशेष काळजी हवी, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, त्या आधी धरणाच्या पोटातल्या, पाणी सोडण्याच्या मोरीवरचाच भराव खचला होता. शेततळे त्यापुढे अगदीच लहान, पण माती आणि पाण्याचा नियम दोन्हीकडे एकच. बांधाच्या बाहेरच्या बाजूला पाइपाभोवती ओल दिसली, तिथेच हिरवे गवत वाढले किंवा गढूळ पाणी झिरपू लागले, तर दुरुस्ती पुढच्या हंगामावर ढकलू नये.

गळती आहे की नुसते बाष्पीभवन, हे ओळखायला बादली पुरते. तळ्याचे पाणी बादलीत भरायचे, ती काठाशी उन्हात ठेवायची आणि बादलीतल्या व तळ्यातल्या पाण्याच्या पातळीवर खूण करायची. दोन-तीन दिवस मोटार बंद. बादलीत दोन बोटे पाणी उतरले आणि तळ्यात चार, तर वरची दोन बोटे गळतीची. पातळी उतरत उतरत एका उंचीला येऊन थांबली, तर भोक त्याच उंचीवर आहे असे समजावे. ती कॉलरची उंची असेल तर चोर सापडला. खात्रीसाठी पाणी स्थिर असताना लांब नळीने पोटॅशियम परमँगनेटचे थोडे गुलाबी पाणी कॉलरजवळ सोडतात. गळती असेल तर तो रंग पसरत नाही, रेघ होऊन जोडात ओढला जातो.

दुरुस्तीची वेळ एप्रिलअखेर ते मे. पावसाळ्यात तळे कधीच रिकामे करू नये. बाहेरच्या जमिनीत पाणी चढलेले असते. आतले वजन गेले की ते पाणी कागदाला खालून उचलते आणि तळ्यात मोठाले फुगे उभे राहतात. उन्हाळ्यातही पाणी कॉलरच्या खाली येईल इतकेच उतरवायचे. तळाशी अर्धा मीटर पाणी राहिले तरी ते सुमारे तीन लाख लिटर, म्हणजे 300 टन वजन होते. सगळ्या कागदाचे वजन जेमतेम साडेपाचशे किलो. त्या पाण्यामुळेच कागद वाऱ्याने उडत नाही आणि जागेवरून सरकत नाही.

मग खरे काम सुरू होते, आणि ते सकाळी ऊन चढायच्या आत करावे. बोल्ट एका बाजूने ओळीने काढत गेले तर कागद एकीकडे ओढला जातो आणि भोकाची कड फाटते. म्हणून आधी कॉलरभोवतीचा कागद हाताने पाइपाकडे सरकवून सैल करून घ्यायचा, वाळूची पोती ठेवून तो तिथे धरून ठेवायचा आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे सैल करायचे. गंजलेला बोल्ट फिरत नसेल तर हातोडी मारू नये. गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे, आणि तेल कागदावर सांडू देऊ नये. वरची तबकडी निघाली की खालच्या तबकडीवरची माती, शेवाळ आणि जुन्या रबराचे तुकडे कापडाने पुसून काढायचे. बोट फिरवून पाहायचे. जिथे खरखर लागते, तिथे उद्या पाणी जाणार.

नवे पॅकिंग दोन: एक कागदाच्या मागे, एक पुढे. बऱ्याच ठिकाणी फक्त पुढचे बसवतात आणि गळती तशीच राहते. रबर उन्हात टिकणारे, ईपीडीएमचे घ्यावे. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून भागवू नये. बोल्ट, नट आणि वायसर स्टेनलेस स्टीलचे. आवळतानाही समोरासमोर, तीन फेऱ्यांत. रबर कडेने किंचित फुगलेले दिसले की थांबायचे. जोर लावून आवळले की काम पक्के होते, हा समज इथे नडतो: सततच्या दाबाखाली एचडीपीई हळूहळू पातळ होतो आणि अति आवळलेले रबर बाहेर सरकते. कॉलरभोवती थोडा कागद सैल सोडला तर थंडीत तो आखडला तरी ताण बोल्टांवर येत नाही. नव्या तळ्यात नवी कॉलर बसवताना आधी कागद दोन तबकड्यांत आवळावा आणि मगच मधला गोल कापावा. आधी कापलेले भोक पाण्याच्या वजनाने सरकते आणि जोडाबाहेर येते.

भोकच नको, असेही करता येते. पंपाची सक्शन नळी तरंगत्या तराफ्याला बांधून बांधावरून घेतली, की कागद कुठेच कापावा लागत नाही. शेत तळ्यापेक्षा सखल असेल तर बांधावरून घेतलेला सायफन विजेशिवाय चालतो; फूट व्हॉल्व्ह लावून नळी एकदा पाण्याने भरली की झाले. देऊळगाव राजाच्या बाजूला शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन करणाऱ्यांना फुलोऱ्यात पाण्याचा एक दिवसाचाही खंड परवडत नाही. अशा ठिकाणी तर हा मार्ग आधी तपासावा.

बुलढाण्याला आणि जळगाव जामोदला कृषी विज्ञान केंद्रे आहेत, तालुक्याच्या गावी आयटीआय आहेत. कागद वेल्डिंग करणे आणि कॉलर बदलणे हे काम गावातल्या दोन-चार तरुणांना नीट शिकवले, तर त्यांना रोजगार मिळेल आणि लाखांची तळी शेकड्यांच्या पॅकिंगसाठी निकामी होणार नाहीत. अनुदानाच्या तपासणीत तळ्याची लांबी-रुंदी मोजतात. त्यात या जोडाची तपासणीही यायला हवी.

आणि एक गोष्ट दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाने पाळावी. ओल्या प्लॅस्टिकच्या उतारावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही त्यावरून वर चढू शकत नाही, आणि अशा तळ्यांत माणसे, मुले, जनावरे बुडाली आहेत. तळ्याला कुंपण घाला. काठाला पक्क्या खुंटीला बांधलेला, गाठी मारलेला दोर कायम आत सोडून ठेवा. कॉलर कितीही गळत असली तरी काठावर दुसरा माणूस उभा असल्याशिवाय आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय तळ्यात उतरू नका.