पाहुण्यांचा संडास

परभणीत दरवर्षी फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. त्या दिवसांत आम्ही दोन खोल्या भाड्यानं देतो. पहिल्या वर्षी हौसेनं फ्लशच्या टाकीचा कमोड बसवला. बोअरचं पाणी जड. क्षारानं टाकीतली झडप अडकली. मुक्कामाला आलेल्या एक आजी संकोचानं बोलल्या नाहीत, दिवसभर पाणीच प्यायल्या नाहीत. पत्नीनं विचारलं, तेव्हा कळलं.

मंडळी, पाहुणा तक्रार करत नाही, सोसतो. म्हणून भांड्याची चकाकी नव्हे, उतार पाहावा. 25 ते 28 अंश उताराचं ग्रामीण भांडं आणि 20 मिलिमीटर पाणी धरणारा कोंबडा असला, की दीड-दोन लिटर पाण्यात काम भागतं. बिंदेश्वर पाठक यांनी 1970 साली सुरू केलेल्या ‘सुलभ’नं दोन शोषखड्ड्यांचा असाच संडास देशभर नेला. एक खड्डा भरला, की पाणी दुसऱ्याकडे वळवायचं. बिघडायला त्यात झडपही नाही अन् बटणही.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी कमोड मात्र हवाच. आमचा तसाच आहे. शेजारी भरलेली बादली अन् टमरेल ठेवतो, टाकी रुसली तरी अडत नाही.

आजी पुढच्या उरुसालाही आल्या. या खेपेला त्यांनी चहा दोनदा मागून घेतला.