हॉर्नचा दोष हॉर्नबाहेर

जुन्या गाडीचा हॉर्न बसला की पहिला आळ हॉर्नवरच येतो. बुऱ्हाणपुरातल्या बुधवाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत मुकी अॅम्बेसेडर बाहेर काढणे धोक्याचेच, म्हणून घाईने नवा हॉर्न बसवला जातो. तो खणखणीत वाजतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा घोगरा होतो. गुण नव्या हॉर्नचा नसतोच बहुधा. तो बसवताना जुने स्क्रू सोडून आवळले गेले, तेवढ्यापुरता गंज खरवडला गेला, इतकेच. अशा बिघाडात दोष बहुतेक वेळा करंटच्या परतीच्या वाटेवर असतो आणि बटण दाबलेले असतानाच ती वाट तपासली तर तो सापडतो, असे माझे ठाम मत आहे.

अॅम्बेसेडर मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली. त्या घराण्यातल्या गाड्यांची रीत घरच्या दिव्याच्या उलट असते. घरात बटण दिव्याच्या आधी येते. इथे फ्यूजमधून आलेला करंट हॉर्नपाशी वाट पाहत असतो आणि स्टिअरिंगवरचे बटण त्याला फक्त अर्थिंग देते. पुढे तो स्टिअरिंगच्या नळीतली बारीक वायर, बटणाखालचा काँटॅक्ट, गाडीचा पत्रा आणि बॅटरीची पट्टी अशा मार्गाने परततो. यातल्या प्रत्येक सांध्यात पन्नास वर्षांचे ग्रीस, धूळ आणि गंज बसलेला. त्यात हौसेने केलेला नवा रंग! अर्थिंगच्या बोल्टखाली रंगाचा थर गेला, की चकाचक गाडीचा आवाज बसतो.

हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण हिशेबात दिसते. १२ व्होल्टवर ४ अँपिअर ओढणारा हॉर्न म्हणजे ढोबळमानाने ३ ओहमचा अडथळा. गंजाने त्यात अवघ्या १ ओहमची भर घातली तर करंट ३ अँपिअरवर येतो आणि हॉर्नच्या वाट्याला ९ व्होल्ट उरतात. तेवढ्यात हॉर्नमधला पडदा नीट थरथरत नाही. मात्र हॉर्नच्या वायरी सोडवून त्यांना मीटर लावला तर तो पूर्ण १२ दाखवतो. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेत नाही, आणि करंट वाहत नसेल तर गंजापाशी दाबही घटत नाही. ‘वायरिंग ठीक, हॉर्न गेला’ हा चुकीचा निवाडा इथूनच निघतो. म्हणून वायरी जोडलेल्याच ठेवाव्यात, एकाने बटण धरून ठेवावे, मीटरचे एक टोक बॅटरीच्या बॉडीला जोडलेल्या टोकावर टेकवावे आणि दुसरे एकेका सांध्यावर सरकवत न्यावे. जिथे आकडा एकदम उडी मारतो, तिथे रोग. बुऱ्हाणपूरकरांना ही रीत परकी वाटू नये. १६१५ च्या सुमारास बांधलेल्या कुंडी भंडाऱ्यात पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून वाहते आणि वर ओळीने कुंड्या आहेत; पाणी कुठे अडले हे शोधायचे तर कुंडीमागून कुंडी पाहत जावे लागेल, आणि तेही पाणी वाहत असताना.

मिस्त्रीचा टेस्ट लॅम्प यापेक्षा बरा, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे वाटेवर खरा भार टाकतो, आणि मंद पेटून मीटरने लपवलेले उघड करतो. पण कमतरता नेमकी किती आणि कुठल्या सांध्यात, हे तो सांगत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: रिले लावावा, म्हणजे बटण फक्त रिलेला चालवेल, हॉर्नचा करंट रिले सोडेल आणि भानगड मिटली. रिलेची कॉइल पाव अँपिअरही घेत नाही, त्यामुळे बटणाच्या वाटेवरचा १ ओहम तिला जाणवत नाही, हे खरेच. मात्र गंज वाढायचा थांबत नाही. एक दिवस काँटॅक्ट पूर्ण तुटतो आणि रिलेही गप्प बसतो. आधी सफाई, मग रिले, हा क्रम मला मान्य आहे. डॅशबोर्डला भोक पाडून वेगळे बटण लावण्याची पळवाट मात्र नको. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची खास नोंदणी मिळते. इतकी वर्षे जपलेल्या पत्र्याला दहा मिनिटांच्या सफाईऐवजी कायमचे भोक का पाडावे?

हॉर्नच्या पाठीवरच्या स्क्रूला हात लावायचा तो सर्वांत शेवटी. तो आतल्या पॉइंटचे अंतर ठरवतो. ९ व्होल्टवर आवाज जुळवून ठेवला आणि नंतर कोणी अर्थिंग साफ केले, तर तीच जुळणी पूर्ण १२ व्होल्टला चुकीची ठरते, करंट जास्त ओढला जातो आणि चांगले पॉइंट जळतात. मग मात्र हॉर्न खरोखरच बदलावा लागतो.