वायु-निलंबन, वाहनाचे

वाहनाचा सांगाडा पोलादी कमानींऐवजी दाबाखालील हवेने भरलेल्या रबरी भात्यांवर पेलून धरण्याच्या व्यवस्थेस वायु-निलंबन म्हणतात. भात्यांतील हवा कमीजास्त करून वाहनाची जमिनीपासूनची उंची बदलता येते, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य होय. अमेरिकेत १९५४ सालची ‘सीनिक्रूझर’ बस व १९५७ सालची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम ही मोटारगाडी यांत ती वापरण्यात आली. भारतात व्हॉल्व्हो बसगाड्या २००१ मध्ये आल्यानंतर ती प्रवाशांच्या विशेष परिचयाची झाली.

रचना व कार्य : संपीडकाने टाकीत साठविलेली हवा झडपेवाटे भात्यांत जाते. झडप सांगाड्यावर बसविलेली असून तिची तरफ एका दांडीने आसाला जोडलेली असते. प्रवासी चढल्यावर सांगाडा खचतो, तरफ फिरते व भात्यांत अधिक हवा शिरते; प्रवासी उतरल्यावर जादा हवा बाहेर पडते. त्यामुळे भार बदलला, तरी उंची कायम राहते. आधुनिक वाहनांत हेच कार्य उंची मोजणारे संवेदक व विद्युत् झडपा करतात.

उंची कमी करणे : हवा सोडली की भात्यातील दाब त्याच प्रमाणात उतरतो, असे नाही. दाब मुख्यतः भारावर अवलंबून असतो. एका भात्यावर २,००० किग्रॅ. भार व त्याचे परिणामी क्षेत्रफळ ४०० चौ. सेंमी. असल्यास वातावरणीय दाबापेक्षा सु. ५ किग्रॅ./चौ. सेंमी. जास्त दाब लागतो. हवा सोडल्याने प्रामुख्याने घटते ती भात्याची उंची व घनफळ. घनफळ घटल्यामुळे भाता अधिक ताठर होतो, चाकाला वर सरकण्यास जागा कमी उरते आणि खड्ड्यात सांगाडा रबरी ठोकळ्यावर आदळतो. म्हणून उंची फार कमी करून वाहन वेगाने चालविणे अयोग्य ठरते.

थांबलेल्या बसच्या बाबतीत मात्र हीच क्रिया अत्यंत उपयुक्त आहे. दाराच्या बाजूच्या भात्यांतील हवा सोडून बस साधारणतः ६० ते ९० मिमी. झुकविता येते व प्रवासी चढल्यावर पूर्ववत उचलता येते. भारतातील शहरी बसगाड्यांत तळाची उंची ४००, ६५० किंवा ९०० मिमी. ठेवतात. ४०० मिमी. उंचीचा तळ ७० मिमी. खाली आणल्यास १५० मिमी. उंच पदपथावरून १८० मिमी.ची, म्हणजे साध्या जिन्याएवढीच पायरी उरते. पदपथ नसल्यास ती ३३० मिमी. होते. सोलापूर–अक्कलकोट मार्गावरील कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी २००६ मध्ये १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. अशा वसाहतींतील वृद्ध व अपंग प्रवाशांच्या दृष्टीने झुकणारी बस आणि योग्य उंचीचा थांबा या दोहोंची सांगड आवश्यक ठरते; एकाने दुसऱ्याची उणीव पुरती भरून निघत नाही.

दक्षता : झडपेची दांडी लहान करून उंची कायमची घटविल्यास गुरुत्वमध्य खाली येऊन वळणावर कलणे कमी होते, परंतु चाकांचा कल व चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दंडाचे कोन बदलून टायर व सांधे लवकर झिजतात, तसेच गतिरोधकावर तळ घासतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. नळी फुटल्यास सांगाडा क्षणार्धात खाली बसतो. म्हणून केवळ हवेवर उभ्या असलेल्या वाहनाखाली भक्कम पोलादी टेकू लावल्याशिवाय कधीही शिरू नये.