रांजणगावचा विंचू

पुण्याहून अहिल्यानगरकडे निघालं, की शिरूरच्या अलीकडे रांजणगाव लागतं. अष्टविनायकांतल्या महागणपतीचं हे गाव. इथल्याच औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटांच्या भागीदारीतला मोटार कारखाना आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये या कारखान्यातून एक गाडी बाजारात आली. तिच्या नाकावर फियाटचा लाल गोल बिल्ला नव्हता, ढालीवर नांगी उगारलेला विंचू होता. नाव अबार्थ पुंटो. दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार आणि ताकद १४५ अश्वशक्ती. दहा लाखांच्या आत एवढी ताकद देणारी दुसरी हॅचबॅक त्या वेळी देशात नव्हती.

चार वर्षं पुरी व्हायच्या आतच ती बंद पडली.

अबार्थ पुंटो मुळात फियाटचीच पुंटो. एकाच गाडीला दुसरं नाव देऊन विकणं महाराष्ट्राला नवीन नव्हतं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणारी फियाट ११०० डिलाइट सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली आणि त्या नावानं मुंबईची टॅक्सी म्हणून घराघरात पोहोचली. नाशिकला २००७ पासून बनणारी महिंद्रा-रेनॉची लोगन, रेनॉ बाजूला झाल्यावर व्हेरिटो म्हणून विकली गेली. चाकणला फोक्सवॅगन व्हेंटो आणि श्कोडा रॅपिड या सख्ख्या बहिणी एकाच कारखान्यातून निघत. या सगळ्या गाड्यांत बदल झाला तो मुख्यतः जाळीत, दिव्यांत आणि नावात. बॉनेट उघडलं की यंत्र तेच.

विंचवाच्या बिल्ल्याची गोष्ट वेगळी होती. कार्लो अबार्थ १९०८ मध्ये व्हिएन्नात जन्मला. त्याची रास वृश्चिक, म्हणून विंचू. १९४९ मध्ये त्यानं इटलीत स्वतःची कंपनी काढली. आधी सायलेन्सरसाठी नाव कमावलं, मग फियाटच्या ५०० आणि ६०० सारख्या चिमुकल्या गाड्या घेऊन त्यांचं इंजिन असं काही तयार केलं, की त्या शर्यतीत मोठ्या गाड्यांना घाम फोडू लागल्या. १९७१ मध्ये फियाटनं ही कंपनीच विकत घेतली. पुढे नाव मागे पडलं, आणि २००७ मध्ये फियाटनं ते पुन्हा बाहेर काढलं. सामान्य माणसाच्या गाडीत शर्यतीचा जीव ओतणं हेच या घराण्याचं मूळ काम.

रांजणगावच्या गाडीत ते काम झालं होतं. इंजिन १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल टी-जेट. फियाटच्याच लिनिया सेडानमध्ये ते ११४ अश्वशक्ती देत होतं. इथे ती १४५ वर नेली. टॉर्क २१२ न्यूटन-मीटर, गिअर पाच आणि तेही हातानंच टाकायचे. शून्यापासून शंभरचा वेग ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा होता. साध्या पुंटोपेक्षा गाडी जमिनीला जवळ आणली, सस्पेन्शन कडक केलं, चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले, सोळा इंची अलॉय चाकं बसवली. स्टीअरिंग मात्र जुन्या धाटणीचं, हायड्रॉलिकच राहिलं. त्यामुळे चाकांखालचा रस्ता हाताला कळायचा, आणि चालवण्याची आवड असलेल्यांना नेमकं तेच हवं होतं. चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय तेव्हा १०५ अश्वशक्तीवर होती. २०१७ ची मारुती बलेनो आरएस १०२ वर थांबली. पोलोची खरी शर्यती बहीण, जीटीआय, २०१६ मध्ये आयात होऊन आली ती पंचवीस लाखांच्या वर.

मग ही गाडी चालली का नाही?

पहिलं कारण वयाचं. इटालियन रचनाकार जुजारोंच्या हातची ग्रँडे पुंटो युरोपात २००५ मध्ये आली, भारतात जून २००९ मध्ये. २०१४ मध्ये पुंटो इव्हो म्हणून चेहरा बदलला, पण हाडं तीच राहिली. या जुनेपणाचा पुरावा युरोपातच मिळाला. २००५ मध्ये युरो एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळवणाऱ्या पुंटोला २०१७ मध्ये, बदललेल्या निकषांवर, एकही तारा मिळाला नाही.

दुसरं कारण कराचं. चार मीटरपेक्षा लहान गाडीला सवलत मिळते, पण पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तरच. पुंटो लांबीत बसत होती, इंजिनात नाही. गिऱ्हाइकाला लहान गाडी घेऊन मोठ्या गाडीचा कर भरावा लागला.

तिसरं कारण सगळ्यांत जड. फियाटच्या गाड्या काही वर्षं टाटांच्या दालनांतून विकल्या जात. २०१२ मध्ये ती वाट वेगळी करायचं ठरलं आणि फियाटला स्वतःची विक्रीव्यवस्था नव्यानं उभी करावी लागली. ती कधीच नीट पसरली नाही. जोरदार गाडी घेणाऱ्यालाही सुटे भाग आणि जाणता मेकॅनिक जवळपास लागतोच.

कारखान्याच्या क्षमतेत मात्र खोट नव्हती. २०१७ पासून रांजणगावातच जीप कंपास बनू लागली आणि परदेशीही जाऊ लागली. टाटांची नेक्सॉनही इथूनच बाहेर पडते. पुंटो आणि लिनिया थांबल्या, आणि एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा फियाटचा बिल्लाच भारतीय बाजारातून गेला. अबार्थ पुंटोला हरवलं ते विक्रीनं. इंजिन आणि ते जोडणारे हात कमी पडले नाहीत.

आज ही गाडी जुन्या बाजारात अधूनमधून दिसते. हौशी मंडळी साध्या पुंटोवरही विंचू चिकटवतात, म्हणून घेणाऱ्यानं नोंदणीपुस्तकातलं मॉडेल आणि इंजिनाचा तपशील जुळवून बघावा, मागच्या चाकांत डिस्क आहेत का ते तपासावं, टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागावी. आणि ज्यांच्या दारात ती आहे त्यांनी ती मूळ रूपात राखावी. महाराष्ट्रात बनलेल्या गाड्यांच्या इतिहासात तिची जागा पक्की आहे.