हळदोण्याचं ट्रम्पेट

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वरात निघाली की बँडवाले दोन-चार नवी गाणी वाजवून होताच 'अलबेला' चित्रपटाच्या गाण्यांकडे वळतात. दारव्हा असो, दिग्रस असो, पुसद असो, क्रम हाच. आता संदल आणि डीजेनं पितळी वाद्यांचं बरंच पोट मारलं आहे. पण जिथं बँडपथक टिकून आहे, तिथं भगवानदादांचं गाणं लागलं की नवरदेवाचा साठी उलटलेला मामाही एक हात वर धरून ती ठेक्यातली दोन पावलं टाकतोच. या गाण्यांत मला ओढ लागली ती गायकांची नव्हे. दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत तुरा खोवावा तसं जे ट्रम्पेट येतं, त्याची. भगवानदादा माहीत होते, सी. रामचंद्र माहीत होते, लताबाई तर होत्याच. ट्रम्पेट वाजवणारा कोण, हे मात्र कोणत्याच बँडमास्तरला सांगता येईना. तिथून हा नाद लागला.

त्याचं नाव अँतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६चा, गोव्याच्या बारदेशातल्या हळदोण्याचा. मुंबई त्याला ओळखायची ती चिक चॉकलेट या नावानं. चाळीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलात त्याचा 'चिक अँड द म्युझिक मेकर्स' हा बँड वाजायचा, आणि शहरातले शौकीन त्याला अमेरिकेतल्या जाझ ट्रम्पेटवादकाच्या नावावरून 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणायचे. या बिरुदाबद्दल माझी तक्रार आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

'अलबेला'ची जुळणी कशी झाली, ते आपल्या वऱ्हाडाच्या बाजूनं पाहिलं तर जास्त कळतं. भगवानदादा, म्हणजे भगवान आभाजी पालव, जन्मले अमरावतीत, १९१३ साली, गिरणी कामगाराच्या घरी. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, पुणतांब्याचे. पण नागपुरात शंकरराव सप्र्यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात ते शिकले, वसंतराव देशपांडे तिथं त्यांच्याबरोबर होते. पुढे पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिक्षण झालं. म्हणजे एकाचा जन्म विदर्भातला, दुसऱ्याचे सूर विदर्भात घोटलेले. मुंबईत दोघे पोटासाठी धडपडत असताना भेटले, आणि भगवानदादांच्या 'सुखी जीवन'नं (१९४२) चितळकरांना हिंदी चित्रपटात पाय रोवायला जागा दिली. १९५१च्या 'अलबेला'पर्यंत दोघं एकमेकांना इतके ओळखत होते, की पडद्यावर भगवान आणि मागे चितळकरांचाच गळा, हे कुणाला खटकलंच नाही. या जोडीत तिसरा येऊन बसला तो वाझ. त्याच्यापाशी ते होतं जे सप्र्यांच्या आणि पटवर्धनबुवांच्या शाळेत मिळणं शक्य नव्हतं.

ते काय होतं? गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना लहानपणीच स्वरलिपी शिकवत. मेस्त्री, म्हणजे तिथला संगीतशिक्षक, हातात व्हायोलिन देई. प्रार्थनेला वाजवता वाजवता पोरगा पाच रेघांवरचे ठिपके वर्तमानपत्रासारखे वाचू लागे. पोर्तुगीज राज्यात पोटाला काम नव्हतं, म्हणून ही पोरं मुंबईला येत. धोबीतलावाच्या आसपास गावागावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्या, होते, तिथं पथारी टाकत आणि मूकपटांचं थिएटर, पलटणीचा बँड, थंड हवेच्या ठिकाणची हॉटेलं, आगबोटी, जिथं वाद्य लागेल तिथं जात. हिंदी चित्रपटाचा वाद्यमेळ मोठा झाला तेव्हा याच मंडळींनी तो सावरला. संगीतकार पेटीवर चाल सांगे. ती कागदावर उतरवून कुठल्या वाद्यानं कुठं शिरायचं, कुठं गप्प राहायचं, हे गोवेकर अरेंजर ठरवी. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत याला फार तर 'सहायक' म्हणत. माझ्या मते हा सहायक नव्हता, निम्मा रचनाकार होता.

आता लॅटिन ठेक्याकडे येतो, कारण सारी गोडी तिथं आहे. १९३०मध्ये हवानाच्या डॉन अस्पियासू यांच्या बँडनं 'एल मानिसेरो' हे शेंगदाणे विकणाऱ्याचं गाणं न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलं आणि क्यूबाचा रुंबा जगभर सुटला. मग वॉल्डॉर्फ-अस्टोरियातला झेवियर कुगात, लंडनमधला एडमुंडो रॉस, मारियो बाउसाच्या देखरेखीखालचा माचितोचा आफ्रो-क्यूबन बँड, 'मांबो नंबर ५'वाला पेरेझ प्राडो, तितो पुएंते. मोठ्या बँडची पितळी फळी आणि तिच्या पोटात आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेला ठेका, असं ते मिश्रण. मुंबईत ते तबकड्यांतून आणि हॉलिवूडच्या चित्रपटांतून पोचलं. ताजमध्ये त्याआधीच, १९३५ पासून, लिऑन अ‍ॅबी, ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवाला टेडी वेदरफर्ड असे अमेरिकेतले कृष्णवर्णीय वादक येऊन गेले होते. गोवेकर पोरांनी त्यांच्याकडून थेट शिकून घेतलं.

हा ठेका आपल्या माणसाला परका का वाटला नाही, याचं उत्तर मला हिशेबात सापडलं. क्यूबन संगीताच्या मुळाशी आठ मात्रांची एक विभागणी आहे: तीन, तीन, दोन. आपला केरवाही आठ मात्रांचा. फक्त त्याचे भाग चार-चार. एकाच आवर्तनात ढोलकी चार-चार धरून चालली आणि वरून बोंगोनं तीन-तीन-दोनचे आघात टाकले, तर दोघं समेवर न चुकता भेटतात आणि मधल्या वाटेवर एकमेकांना कोपरखळ्या मारत राहतात. पाय आपोआप उचलतो तो या कोपरखळीमुळे. कावस लॉर्ड या पारशी तालवादकानं बोंगो, कोंगा ही वाद्यं मुंबईच्या स्टुडिओत रुजवली. 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' ऐकताना बोंगोकडे कान ठेवा, आणि मग त्यावर क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट कसे थर चढवतात ते बघा.

'अलबेला'च्या आधी वर्षभर, १९५०च्या 'समाधी'त, 'गोरे गोरे' आलं. त्यावरून जुने श्रोते अजून भांडतात. त्याच्या मुखड्यावर 'चिको चिको फ्रॉम पोर्तो रिको'ची छाप आहे, हे उघड आहे. १९४५च्या 'डॉल फेस' या हॉलिवूडपटात ते कार्मेन मिरांडानं गायलं. उचलेगिरी म्हणून चितळकरांना झोडपणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की मूळ गाणं तरी कुठल्या मातीतलं? लिहिलं जिमी मॅकह्यू आणि हॅरोल्ड अ‍ॅडमसन या अमेरिकनांनी. विषय पोर्तो रिकोच्या गड्याचा. गाणारी बाई ब्राझीलची म्हणून प्रसिद्ध, पण जन्मलेली पोर्तुगालात. आणि मुंबईत त्याला नवा साज चढला तो पोर्तुगालचंच राज्य असलेल्या गोव्यातल्या माणसाच्या संगतीत, ज्याला लहानपणी घरी 'चिको' अशीच हाक होती! अशा गाण्याचा मालक शोधायला निघालेल्याची चप्पल झिजेल. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की मुखडा ओलांडला की लताबाई आणि अमीरबाई कर्नाटकी एकमेकींना जे चिडवतात, त्यातली लकब आपल्या घरातल्या नणंद-भावजयींची आहे. बँड मात्र हवानाचाच राहतो. दोन्ही एकत्र नांदवणं हे नकलेचं काम नाही.

माझ्या दृष्टीनं या सगळ्या शोधातला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे कागद नाहीच. 'अलबेला'मधलं 'दिवाना परवाना' हे गाणं आहे. चिक आणि त्याचा बँड त्यात पडद्यावर आहेत, झालरीच्या बाह्यांचे लॅटिन थाटाचे सदरे घालून. हिंदी चित्रपटात हॉटेलातला बँड दाखवायचा तर एक्स्ट्रा नट उभे करून हातात वाद्यं देण्याची रीत. बोटं एकीकडे, सूर दुसरीकडे. इथं तसं नाही. ट्रम्पेट ओठाला लावून उभा असलेला माणूस खरोखरीचा वाझ आहे. मी हे गाणं पुन्हा पुन्हा पाहतो ते त्याच्यासाठी. भगवानदादांसारख्या गिरणगावात वाढलेल्या माणसानं ज्या बँडपुढे ताजमध्ये गोरे साहेब, संस्थानिक आणि पारशी शेठ नाचत, तो बँड उचलून पाच-सहा आण्यांच्या तिकिटावर बसलेल्या प्रेक्षकांसमोर ठेवला. यवतमाळातला कापूस वेचणारा मजूर ताजच्या पायरीवर चढला नसता. ताजचा बँड त्याच्याकडे आला. आमचे बँडवाले पाऊण शतक जी गाणी वाजवत आले, ती मुळात बँडसाठीच बांधलेली होती. पेटी-सारंगीचं गाणं ट्रम्पेटवर चढवताना ओढाताण होते, ती यांत होत नाही.

वाझसारखे लोक स्टुडिओकडे वळले त्याला सरकारचंही एक कारण झालं. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा. बंदी आली तशी हॉटेलांतली रात्र मंदावली, साहेब तर १९४७ नंतर निघूनच चालले होते. नाचायला येणारं गिऱ्हाईक घटलं, बँडची कंत्राटं आकसली. चित्रपटाचं ध्वनिमुद्रण हाच मग रोजचा तांदूळ ठरला.

आता ती आर्मस्ट्राँगची गोष्ट. चिक आर्मस्ट्राँगची ढब करायचा, त्याच्यासारखा घोगरा गळा लावायचा, लोकांना ते आवडायचं, मान्य. नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' (२०१२) या पुस्तकात मुंबईच्या जाझचं जग पुन्हा उभं केलं, तेव्हा कुठं चिकचं नाव इंग्रजी वाचणाऱ्यांत फिरू लागलं. पण अजूनही त्याची ओळख 'आपला आर्मस्ट्राँग' एवढीच करून दिली जाते. मला हे अन्यायाचं वाटतं. आर्मस्ट्राँगला ढोलकी आणि बोंगोचा संसार लावून द्यावा लागला नव्हता, की अडीच-तीन मिनिटांच्या गाण्यात अंतऱ्याच्या आधीच्या काही मात्रांतच सगळं बोलून मोकळं व्हावं लागलं नव्हतं. जाझचा वादक मोकळा सुटतो. चिकला ती मोकळीक चमच्यानं मोजून मिळायची, आणि तेवढ्यात तो गाण्याचा चेहरा बदलून टाकायचा. हे त्याचं स्वतःचं कसब. त्याला दुसऱ्याच्या नावाची गरज नाही.

त्याच्या बरोबरीच्यांना थोडंफार मिळालं. कुडचड्याच्या फ्रँक फर्नांडनं 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' हे कोंकणी चित्रपट काढले, त्यामुळे गोवा त्याला विसरला नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'त शिष्यानं त्यांचं नाव गाण्यात गुंफलं आणि देशातल्या पोरासोरांच्या तोंडी गेलं. चिकच्या वाट्याला असा शिष्य आला नाही. चितळकरांनी 'माझ्या जीवनाची सरगम' लिहिली. महाराष्ट्रानं 'अनारकली'चे आणि 'ऐ मेरे वतन के लोगों'चे सी. रामचंद्र डोक्यावर घेतले ते योग्यच. पण त्यांच्या खट्याळ, नाचऱ्या गाण्यांचं कौतुक करताना आपण ते एकट्याच्या खात्यावर जमा करतो. माझं ठाम मत आहे की ते खातं जोडनावाचं आहे.

चिक पडद्यावर पुन्हा दिसतो तो १९६६च्या 'आखरी खत'मध्ये. चेतन आनंदचा चित्रपट, राजेश खन्नाचा पहिला, संगीत खय्याम यांचं. क्लबातल्या 'रुत जवाँ जवाँ' या गाण्यात तरुण भूपिंदर गातो आणि ट्रम्पेट चिककडे आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या झालरी गेल्या आहेत, ठेकाही मंद आहे. 'अलबेला'त तो गाण्याला ढकलत पुढे नेतो. इथं गायकाला वाट देऊन मागून लांब, सावकाश सूर सोडतो. एकाच वादकाच्या या दोन तऱ्हा पाठोपाठ ऐकल्या की त्याचा आवाका कळतो. मे १९६७मध्ये मुंबईत तो गेला. पन्नाशी नुकतीच गाठली होती.

'अलबेला'ची गाणी आज कुणीही फोनवर लावतं. खाली नावं असतात: गीत राजेंद्र कृष्ण, संगीत सी. रामचंद्र, स्वर लता मंगेशकर आणि चितळकर, पडद्यावर भगवान आणि गीता बाली. 'दिवाना परवाना'पुरती तरी त्यात एक ओळ वाढवायला हवी. ट्रम्पेट आणि बँड : अँतोनियो झेवियर वाझ, हळदोणे.