घरगुती एस्प्रेसो यंत्र

घरगुती एस्प्रेसो यंत्र हे बारीक दळलेल्या आणि दाबून बसवलेल्या कॉफीतून उच्च दाबाने गरम पाणी पाठवून, थोड्या प्रमाणात दाट कॉफी काढणारे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर मावणारे उपकरण आहे. उपाहारगृहांतील मोठ्या यंत्रांचे कार्यतत्त्व यात लहान प्रमाणावर वापरलेले असते. मात्र या नावाने बाजारात विकली जाणारी सर्वच उपकरणे त्या तत्त्वावर चालत नाहीत. त्यामुळे कमी खर्चात यंत्र निवडताना खोक्यावर छापलेल्या दाबाच्या आकड्यापेक्षा तीन गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरतात : दाब कशाने निर्माण होतो, पाण्याचे तापमान किती स्थिर राहते आणि कॉफी कशी दळली जाते.

एस्प्रेसोचे स्वरूप

इटलीतील राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेच्या मानकानुसार एका पेल्यासाठी सुमारे ७ ग्रॅम कॉफी, सुमारे ९ बार दाब, यंत्रातून बाहेर पडताना सुमारे ८८ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी आणि सुमारे २५ सेकंदांत मिळणारी २५ मिलिलिटर कॉफी हे प्रमाण धरले जाते. वातावरणाच्या दाबाच्या जवळपास नऊपट दाबामुळे कॉफीतील तेल पाण्यात सूक्ष्म थेंबांच्या रूपाने मिसळते व भाजलेल्या बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडताना पृष्ठभागावर तांबूस-तपकिरी फेस धरतो. या फेसाला क्रेमा म्हणतात.

भारतात ‘एस्प्रेसो कॉफी’ या शब्दाचा रूढ अर्थ वेगळा आहे. लग्नसमारंभांत व जुन्या उपाहारगृहांत वाफेच्या नळीने दूध फेसाळून, त्यात झटपट विरघळणारी कॉफी घालून आणि वर कोको किंवा कॉफीची पूड भुरभुरून जे पेय दिले जाते, त्यालाच अनेक वर्षे हे नाव आहे. ते पेय चवीला वाईट असते असे नव्हे, परंतु त्याचा आणि दाबाने काढलेल्या कॉफीचा संबंध नावापुरताच आहे. घरी त्या चवीची कॉफी हवी असणाऱ्याला एस्प्रेसो यंत्राची गरज नसते. हे आधी ध्यानात आले तर बराच खर्च वाचतो.

इतिहास

तुरिन येथील आंजेलो मोरिओंदो याने १८८४ साली वाफेच्या साहाय्याने कॉफी तयार करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. मिलानच्या लुइजी बेझ्झेरा याने १९०१ साली एका वेळी एका ग्राहकाचा पेला भरणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे देझिदेरियो पावोनी याने ते विकत घेऊन यंत्रांचे उत्पादन सुरू केले. या यंत्रांत पाण्याला रेटा वाफेचाच असे. दाब जेमतेम दीड-दोन बार असे आणि अतितप्त पाण्यामुळे कॉफी करपट लागे.

हा दोष दूर करण्याचे श्रेय मिलानच्याच आकिले गाज्जा याला दिले जाते. त्याने १९३८ साली वाफेविना चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तरफ, स्प्रिंग व दट्ट्या यांच्या साहाय्याने ८ ते १० बार दाब देणारे यंत्र बाजारात आणले. क्रेमा प्रथम दिसला तो या यंत्रातून. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्राने स्प्रिंगच्या जागी विजेवर चालणारा पंप आणला. त्या वर्षी झालेल्या सूर्यग्रहणावरून त्याला हे नाव मिळाले. आजची बहुतेक घरगुती यंत्रे याच पंपाच्या परंपरेतील आहेत. अगदी स्वस्त यंत्रे मात्र अद्याप बेझ्झेराच्या काळातच आहेत.

वाफेची यंत्रे आणि पंपाची यंत्रे

सर्वांत कमी किमतीच्या यंत्रांत वर झाकण असलेली छोटी बंद टाकी असते. तीत मोजून पाणी भरून झाकण घट्ट आवळतात. पाणी उकळले की वाफ साचते व तिच्या रेट्याने पाणी कॉफीतून खाली उतरते. या यंत्रांवर साडेतीन ते पाच बार असा दाब लिहिलेला आढळतो. तो जरी खरा मानला, तरी एक अडचण उरते. बंद टाकीतील वाफेचा दाब आणि पाण्याचे तापमान एकमेकांशी बांधलेले असतात. दाब वाढवायचा तर तापमान वाढवावेच लागते. वातावरणापेक्षा १ बार अधिक दाबासाठी पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत आणि ९ बार अधिक दाबासाठी सुमारे १८० अंशांपर्यंत तापवावे लागेल. कॉफीला मात्र ९० ते ९६ अंशांच्या आसपासचे पाणी मानवते. म्हणजे वाफेवर चालणारे यंत्र कितीही चांगले बनवले, तरी योग्य दाब व योग्य तापमान एकाच वेळी देऊ शकत नाही. उत्पादकाच्या निष्काळजीपणाशी याचा संबंध नाही, ही पदार्थविज्ञानाचीच मर्यादा आहे. अशा यंत्रातून येणारी कॉफी मोका पात्रातील कॉफीच्या जवळची असते. आल्फोन्सो बियालेत्ती याच्या नावाशी जोडलेले व १९३३ पासून प्रचारात असलेले मोका पात्र मात्र बरेच स्वस्त, टिकाऊ आणि दुरुस्तीची फारशी गरज नसलेले आहे. केवळ कडक काळी कॉफी हवी असेल, तर वाफेच्या यंत्रापेक्षा ते घेणे शहाणपणाचे.

पंपाच्या यंत्रात दाब आणि तापमान यांची फारकत होते. टाकीतील साधे पाणी विजेच्या कंपनांवर चालणारा छोटा पंप ओढतो आणि तापक त्याला हवे तेवढेच तापवतो. दुकानात दोन प्रकार ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पाण्याची टाकी. ती मागून किंवा बाजूने सहज काढून नळाखाली धरता येत असेल, तर यंत्र पंपाचे असते. पाणी आवळायच्या झाकणातून थेट तापणाऱ्या भांड्यात ओतायचे असेल, तर ते वाफेचे असते. पंपाच्या यंत्रांची किंमत भारतात बहुधा पाच आकडी असते.

या यंत्रांवर ‘१५ बार’ किंवा ‘२० बार’ असे ठळकपणे लिहिलेले असते. हा आकडा पाण्याचा प्रवाह पूर्ण रोखला असता पंप गाठू शकेल अशा कमाल दाबाचा असतो. कॉफीतून पाणी वाहत असताना दाब त्याहून कमी असतो, आणि तो ९ बारच्या आसपास असावा असेच अपेक्षित आहे. चांगल्या यंत्रात जादा दाब सोडून देणारी झडप असते. २० बारचे यंत्र १५ बारच्या यंत्राहून चांगले ठरते, या समजुतीला आधार नाही.

गाळणी आणि दळण

कॉफी ज्या लांब मुठीच्या धारकात भरतात त्याला पोर्टाफिल्टर म्हणतात. त्यात बसणाऱ्या धातूच्या गाळण्या दोन प्रकारच्या असतात. एकेरी तळाच्या गाळणीला शेकडो बारीक छिद्रे असतात व पाण्याला विरोध करतो तो केवळ दाबलेल्या कॉफीचा थर. दुहेरी तळाच्या गाळणीत कॉफी शेवटी एकाच सूक्ष्म छिद्रातून बाहेर पडते. येथे दाब त्या छिद्रामुळे निर्माण होतो, कॉफीमुळे नव्हे. म्हणून बाजारातील तयार पूड घातली तरी वर भरपूर फेस येतो. हा फेस पाहून कॉफी उत्तम झाली असे वाटते, पण त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि तो लवकर विरतो. नवशिक्याला ही गाळणी उपयोगी असते. एकेरी गाळणी वापरायची तर मात्र दळण अचूक हवे.

यंत्र विकत घेणाऱ्यांच्या अंदाजपत्रकात सहसा राहून जाणारी गोष्ट हीच. घरच्या मिक्सरच्या पात्याने बिया तुटतात, दळल्या जात नाहीत. पुडीत काही कण पिठासारखे तर काही रव्यासारखे राहतात. पाणी जाड कणांमधून वाट काढते आणि एकाच पेल्यात आंबट व कडू अशा दोन्ही चवी उतरतात. दातेरी चकत्यांचा ग्राइंडर चकत्यांमधील अंतर बदलून दळण एकसारखे ठेवतो. मर्यादित पैशांत हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर पुरतो. एका पेल्यासाठी मिनिटभर हात चालवावा लागतो, इतकेच. असा ग्राइंडर घेताना तो एस्प्रेसोइतके बारीक दळतो का आणि दळणाच्या पायऱ्या पुरेशा जवळजवळ आहेत का, हे पाहावे. महाग यंत्र आणि मिक्सरचे दळण यांपेक्षा साधे यंत्र आणि चांगला ग्राइंडर ही जोडी निश्चितपणे सरस ठरते.

बियांबाबतही तेच. भाजल्याची तारीख छापलेली पाकिटे घ्यावीत. भाजल्यानंतर साधारण आठवडा ते महिनाभर बिया एस्प्रेसोला चांगल्या लागतात. दक्षिण भारतीय फिल्टर कॉफीच्या पुडीत अनेकदा चिकोरी मिसळलेली असते. ती पाण्यात झपाट्याने विरघळून गाळणीत चिकटा धरते, म्हणून एस्प्रेसो यंत्रात टाळावी. भारतात मिळणाऱ्या बिया या कामाला कमी प्रतीच्या नाहीत. भारतीय कॉफीच्या प्रमुख ग्राहक देशांत इटलीचा समावेश होतो, आणि दाट क्रेमासाठी तेथील मिश्रणांत भारतीय रोबस्टा वापरला जातो.

तापकाचे प्रकार

कमी किमतीच्या पंपयंत्रांत दोन रचना आढळतात. थर्मोब्लॉकमध्ये पाणी तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातील अरुंद मार्गातून जाता जाता गरम होते. दे’लोंगी कंपनीचे डेडिका हे याचे परिचित उदाहरण. यंत्र मिनिटभराच्या आत तयार होते, पण तापमान काहीसे हेलकावते. दुसऱ्या रचनेत छोटा बॉयलर असतो. गाज्जा क्लासिक आणि रांचिलियो सिल्विया ही या वर्गातील दीर्घकाळ टिकून राहिलेली यंत्रे आहेत. त्यांत उपाहारगृहांप्रमाणे ५८ मिलिमीटरचा पोर्टाफिल्टर बसतो, सुटे भाग मिळतात आणि घरच्या घरी दुरुस्तीही करता येते. मात्र धातू पूर्ण तापण्यास पंधरा-वीस मिनिटे द्यावी लागतात. अमेरिका व ऑस्ट्रेलियात ब्रेव्हिल आणि युरोपात सेज या नावाने विकले जाणारे बँबिनो तापमानाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण तुलनेने कमी किमतीत देते.

याखेरीज फ्लेअर किंवा रॉक यांसारखी हाताने दाबायची तरफयंत्रे आहेत. त्यांना वीज लागत नाही. पाणी वेगळे उकळून ओतायचे आणि दाब आपल्या हातांनी द्यायचा. दुधासाठी वाफ त्यांत नसते. काळी कॉफी पिणाऱ्या एकट्या माणसाला ती पुरेशी आहेत, सकाळी घाईने चार पेले काढणाऱ्या घराला नाहीत.

वापर

यंत्र, पोर्टाफिल्टर आणि पेला आधी तापवून घ्यावेत. त्यासाठी कॉफी न भरता एकदा गरम पाणी सोडले तरी चालते. दुहेरी मात्रेसाठी १६ ते १८ ग्रॅम कॉफी दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलून घ्यावी. पुडीतील गाठी बारीक सुईने मोडून ती सपाट करावी व टँपरने सरळ दाबावी. किती जोराने दाबले यापेक्षा थर तिरका झाला नाही ना, हे महत्त्वाचे. थर तिरका असेल तर पाणी एका बाजूने पळते. पंप सुरू केल्यापासून २५ ते ३० सेकंदांत सुमारे दुप्पट, म्हणजे ३६ ग्रॅमपर्यंत कॉफी पेल्यात उतरावी. ती दहा-बारा सेकंदांतच उतरली आणि आंबट लागली, तर दळण अधिक बारीक करावे. थेंबथेंब पडून कडू झाली, तर जाड करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने फरक पडला हे कळत नाही. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणाच्या दमट हवेत, कालचे दळण आज जुळत नाही असा अनुभव येतो. बिया हवाबंद डब्यात ठेवाव्यात व लागतील तेवढ्याच दळाव्यात.

दूध फेसाळण्यासाठी फ्रिजमधील थंड दूध घ्यावे. उकळून ठेवलेले असल्यास साय गाळून काढावी. वाफेच्या नळीचे टोक प्रथम पृष्ठभागालगत व नंतर थोडे खोल धरून दूध ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापवावे. भांडे हाताला धरवेनासे झाले की थांबावे. एकाच बॉयलरच्या यंत्रात आधी कॉफी काढावी, मग वाफेचे बटण दाबावे. वाफेसाठी बॉयलर कॉफीच्या तापमानाहून बराच अधिक तापतो. म्हणून पुढचा पेला काढण्यापूर्वी पाणी सोडून तो थंड करावा लागतो.

पेला भरल्यावर पोर्टाफिल्टर लगेच फिरवून काढू नये. गाज्जा क्लासिकसारख्या यंत्रांत उरलेला दाब बाहेर सोडणारी विद्युतझडप असते, अनेक स्वस्त यंत्रांत ती नसते. तशा यंत्रात आतील दाब उतरण्यापूर्वी मूठ फिरवल्यास गरम रबडा अंगावर उडतो. वाफेच्या यंत्राचे झाकण तर ते पूर्ण थंड झाल्याखेरीज उघडूच नये.

वीज, पाणी आणि देखभाल

भारतातील साध्या ६ अँपिअरच्या प्लगमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त सुमारे १,३८० वॅट घेता येतात. त्याहून अधिक शक्तीच्या यंत्राला १६ अँपिअरचे सॉकेट लागते. अमेरिकेतील नातेवाइकांकडून आणलेले यंत्र १२० व्होल्ट व ६० हर्ट्झचे असते. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवता येते, हर्ट्झ बदलत नाहीत. कंपनांवर चालणारा पंप तर हर्ट्झवरच अवलंबून असल्याने असे यंत्र येथे नीट चालत नाही, आणि हमीही सहसा लागू होत नाही.

महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत बोअरवेलचे पाणी जड असते. तापवल्यावर त्यातील बायकार्बोनेटचे रूपांतर कॅल्शियम कार्बोनेटमध्ये होऊन तापकावर पांढरा थर बसतो. पाण्याचा प्रवाह मंदावतो व शेवटी मार्ग तुंबतो. स्वस्त यंत्रे बंद पडण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. उलटपक्षी, क्षार जवळजवळ संपूर्ण काढून टाकलेल्या आरओ पाण्याची कॉफी फिकी लागते. दोन्ही पाणी मिसळून मध्यम जडपणाचे पाणी वापरणे हा सोपा उपाय. थर काढण्यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी सायट्रिक आम्लाचे, म्हणजेच लिंबूसत्त्वाचे, सौम्य द्रावण यंत्रातून फिरवून नंतर दोन-तीन टाक्या स्वच्छ पाणी सोडावे. बॉयलर ॲल्युमिनियमचा असल्यास द्रावण आत फार वेळ ठेवू नये, आम्लाने धातू झिजतो. वाफेची नळी प्रत्येक वापरानंतर ओल्या फडक्याने पुसून क्षणभर वाफ सोडावी, कारण आत सुकलेले दूध नंतर निघत नाही. पोर्टाफिल्टर जेथे अडकतो तेथील रबरी कडे काही वर्षांत कडक होते आणि कडेने पाणी गळू लागते. ते बदलण्याचा खर्च किरकोळ असतो. मात्र आपल्या यंत्राचे कडे मिळते की नाही, हे यंत्र घेण्यापूर्वीच विचारून ठेवावे.